रेड सेलवर आख्खं करिअर होतं का? पीटर आग्रे यांच्या कामावरून सांगते

एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: नागपुरात एमएससी बायोकेमिस्ट्री चालू आहे, नेट-जेआरएफची तयारी आहे, नात्यात सिकल सेल या आनुवंशिक आजाराचे पेशंट असल्यामुळे रेड सेलवरच, म्हणजे रक्तातल्या लाल पेशीवरच, पीएचडी करावीशी वाटते, पण सगळे म्हणतात ज्या पेशीला न्यूक्लिअस नाही, डीएनए नाही, माइटोकॉन्ड्रिया नाही तिच्यात आता शोधायला उरलंय काय, कॅन्सर किंवा इम्युनॉलॉजी घे. तर या एका पेशीवर आयुष्यभराचं काम होऊ शकतं का?

होऊ शकतं. मी बरीच वर्षं रेड सेलच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणावर, काम करतेय आणि मला कधीच प्रश्न कमी पडले नाहीत, उलट हातातले प्रश्न पुढच्या माणसाला देऊनच रिटायर व्हावं लागणार हे स्पष्ट दिसतंय. पण माझं सांगण्यापेक्षा एका माणसाचं करिअर सविस्तर सांगते, कारण रेड सेलवर काम म्हणजे नेमकं काय असतं हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही करिअर गायडन्सच्या भाषणातून कळत नाही. पीटर आग्रे. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे, १९४९ चा जन्म, १९७४ ला जॉन्स हॉपकिन्समधून एमडी. २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना पेशीत पाणी आतबाहेर जाऊ देणाऱ्या चॅनेलसाठी मिळालं हे पुस्तकात असतं, पण ते मुळात हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, आणि ते चॅनेल त्यांना सापडलं ते रेड सेलच्या आजारांवर काम करता करता, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं.

सुरुवात झाली हेरिडिटरी स्फेरोसायटोसिसपासून, म्हणजे रेड सेल गोल होण्याच्या आनुवंशिक आजारापासून. हा आजार तू ऐकला असशील, आपल्याकडेही आहे, आणि बऱ्याचदा उशिरा कळतो कारण मुलाचे डोळे अधूनमधून पिवळे होतात, घरचे कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध देतात, थोडे दिवसांनी पिवळेपणा कमी होतो, परत येतो, आणि मग कधीतरी सोनोग्राफीत मोठी झालेली प्लीहा आणि पित्ताचे खडे दिसतात तेव्हा कोणीतरी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली बघतं. त्यात मधला फिका भाग नसलेल्या, गोळ्यासारख्या रेड सेल्स असतात. नॉर्मल रेड सेल साधारण ७ ते ८ मायक्रॉनची, तिला प्लीहेतल्या जेमतेम मायक्रॉनभर रुंदीच्या फटींतून पार जावं लागतं, आणि ते ती करू शकते कारण आतल्या मालाच्या मानाने तिचं मेम्ब्रेन ऐसपैस असतं, त्यामुळे ती वाकते, दुमडते, लांबते. गोळा झालेल्या पेशीकडे ती सवलत राहत नाही, मग ती प्लीहेत अडकते आणि १२० दिवस जगायच्या ऐवजी कितीतरी आधी मरते.

प्रश्न होता गोळा का होते. मेम्ब्रेनच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या लांब प्रोटीनची जाळी असते, ती अँकिरिन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनने मेम्ब्रेनला बांधलेली असते. अँकिरिनवर मूलभूत काम करणाऱ्या व्हॅन बेनेट यांच्या लॅबमध्ये, हॉपकिन्सलाच, आग्रे १९८१ च्या सुमारास आले. त्याआधी ते नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला हिमॅटॉलॉजीत ट्रेनिंग घेत होते, तिथल्या क्लिनिकशी ओळखी होत्याच. आता इथे बघ दोन गोष्टी एका माणसात कशा जमल्या, क्लिनिकमधून अत्यंत तीव्र स्फेरोसायटोसिसच्या पेशंटचं रक्त आणता येणं, आणि स्पेक्ट्रिन नेमकं किती आहे हे मोजायची केमिस्ट्री शेजारच्या बेंचवर असणं. १९८२ ला त्यांनी दाखवलं की अशा तीव्र केसेसमध्ये स्पेक्ट्रिनच कमी आहे, आणि १९८५ ला 'नेचर'मध्ये, की इतर पेशंटमध्येही स्पेक्ट्रिन जितकं कमी तितका आजार जास्त. ज्या आजाराचं वर्णन १८७१ पासून होतं, ज्यात प्लीहा काढली की ॲनिमिया सुधारतो हे सर्जनना अनुभवाने माहीत होतं, त्याचं कारण आता मोजता येण्याजोगं झालं.

बरेच जण इथेच थांबले असते आणि स्पेक्ट्रिनवर पुढची तीस वर्षं काढली असती, आणि तेही वाईट नाही, त्यातून उत्तम काम झालेलं आहे. आग्रे पुढे आरएचकडे वळले. आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आपण लग्नपत्रिकेआधीही विचारतो, पण ऐंशीच्या दशकात हे अँटिजेन, म्हणजे पेशीवरची ही ओळखखूण, केमिकली आहे तरी काय हे नीट माहीत नव्हतं. नवजात बाळांचा जीव घेणारा आरएचचा आजार अँटी-डी इंजेक्शनने १९६८ पासून टाळता येत होता आणि तरीही ते प्रोटीन कोणाच्या हातात शुद्ध स्वरूपात नव्हतं. वैद्यकात हे वारंवार दिसतं, उपाय आधी येतो आणि समज मागून येते, आणि सिकल सेलमध्ये नेमकं उलटं झालंय, त्याकडे पुढे येते.

आता थोडं लॅबचं काम सांगते, कारण तुला हेच रोज करायचंय. रेड सेल घोस्ट, म्हणजे हिमोग्लोबिन काढून उरलेली नुसती मेम्ब्रेन्स, बनवायचे तर आधी ताजं रक्त सलाइनने धुवायचं, वरचा बफी कोट काळजीपूर्वक ओढून टाकायचा (पांढऱ्या पेशी राहिल्या तर त्यांचे प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन तोडणारे एन्झाइम, सगळं खातात), मग थंडगार पातळ फॉस्फेट बफरमध्ये पेशी फुगून हिमोग्लोबिन बाहेर पडतं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं लाल पाणी काढायचं, परत बफर, परत सेंट्रिफ्यूज, असं करत खाली पांढरट मेम्ब्रेन उरेपर्यंत. ही पद्धत १९६३ ची आहे आणि मूळ कृती आजही तीच. ते मेम्ब्रेन प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवलं की पट्ट्या दिसतात, त्यांना १९७१ मध्ये नंबर दिले गेले आणि ते नंबर आजतागायत चिकटलेत, म्हणूनच आमच्याकडे प्रोटीनची नावं बँड ३, ४.१, ४.२ अशी असतात. न्यूक्लिअस नाही, माइटोकॉन्ड्रिया नाही म्हणून तुला जे कमीपणाचं सांगितलं गेलं ना, तोच या पेशीचा सगळ्यात मोठा फायदा आहे, एकच मेम्ब्रेन, पेशीच्या आतल्या दुसऱ्या कुठल्या भागाच्या मेम्ब्रेनची भेसळ नाही, आणि माणसाचं ताजं सँपल सुई टोचून मिळतं. लिव्हर किंवा मेंदूच्या पेशीचं इतकं स्वच्छ मेम्ब्रेन मिळवून दाखवा म्हणावं.

तर आरएचचं साधारण ३२ हजार डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) प्रोटीन वेगळं करताना त्यांच्या सँपलमध्ये एक २८ हजार डाल्टनचं प्रोटीन सारखं येत होतं. सगळ्यात साधा अंदाज काय, तर आरएचचाच तुटलेला तुकडा असेल. कूमासी ब्लू या नेहमीच्या रंगाने ते नीट रंगतही नव्हतं, सिल्व्हर स्टेनमध्ये दिसायचं, त्यामुळे इतकी वर्षं जेल चालवणाऱ्या सगळ्या लॅब्जच्या नजरेतून ते सुटलं होतं. त्यांनी तपासलं तर ते तुकडा नव्हतंच, वेगळंच प्रोटीन होतं, एका रेड सेलमध्ये जवळपास २ लाख प्रती, म्हणजे काही किरकोळ भेसळ नव्हे. आणि किडनीतल्या नलिकांमध्येही तेच भरपूर. १९८८ ला त्यांनी हे छापलं, काम काय करतं हे माहीत नसताना. मला त्यांच्या करिअरमधला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रँट आरएचवर, प्रश्न आरएचचा, आणि माणूस एका अनोळखी पट्टीच्या मागे लागतो कारण ती तिथे इतक्या प्रमाणात असण्याचं काहीतरी कारण असलंच पाहिजे.

काम काय असेल हे त्यांना सुचलं नाही, ते सुचवलं चॅपेल हिलच्या त्यांच्या जुन्या गुरूंनी, जॉन पार्कर यांनी. १९९१ मध्ये कुटुंबासोबत फ्लोरिडाची सहल करून परतताना आग्रे त्यांना भेटायला थांबले आणि हे कोडं सांगितलं. पार्कर हे रेड सेलमधून पाणी आणि मीठ कसं आतबाहेर जातं यावर काम करणारे हिमॅटॉलॉजिस्ट. रेड सेल, किडनीच्या नलिका, वनस्पतींमध्ये नातलग प्रोटीन, एवढं ऐकल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की फिजिऑलॉजीवाले कित्येक वर्षं जे शोधतायत ते पाण्याचं चॅनेल हेच तर नसेल.

पाण्यासाठी वेगळं चॅनेल लागतं हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हतं, पाणी मेम्ब्रेनच्या चरबीतून हळूहळू पार होतंच की. पण रेड सेलमधून ते त्या हिशोबापेक्षा फार वेगाने जातं आणि पाऱ्याची संयुगं टाकली की तो वेग पडतो हे रॉबर्ट मेसी यांच्यासारख्यांनी १९७० च्या सुमारास दाखवलं होतं, म्हणजे मध्ये कुठलंतरी प्रोटीन असणार. रुमानियातल्या क्लुजमध्ये गेओर्गे बेंगा यांनी १९८६ मध्ये किरणोत्सारी पारा वापरून रेड सेल मेम्ब्रेनमधली कुठली प्रोटीन्स या कामाशी जोडलेली आहेत हे दाखवायचा प्रयत्न केला होता, नोबेलच्या वेळी त्यांच्या श्रेयाबद्दल बरीच चर्चा झाली, आणि माझं प्रामाणिक मत असं की त्यांचं नाव हा विषय शिकवताना घ्यायलाच हवं, मर्यादित साधनं असलेल्या लॅबमध्ये केलेलं ते काम आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना जास्त जवळचं वाटेल.

पुढचा प्रयोग मात्र आग्रे आणि त्यांचे सहकारी ग्रेगरी प्रेस्टन यांचा, आणि तो इतका स्वच्छ आहे की मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. बेडकाची अंडपेशी गोड्या पाण्यात पडून राहते तरी फुगत नाही, तिचं मेम्ब्रेन पाण्याला जवळपास बंद असतं. तिच्यात या प्रोटीनचा आरएनए इंजेक्ट केला, प्रोटीन तयार होऊ दिलं आणि मग पातळ बफरमध्ये टाकली, तर ती भराभर फुगून काही मिनिटांतच फुटली, शेजारची आरएनए न दिलेली तशीच राहिली. पारा दिला तर फुगणं मंदावलं, पाऱ्याला काढून घेणारं केमिकल दिलं तर परत सुरू. एप्रिल १९९२, 'सायन्स'. त्या प्रोटीनचं नाव नंतर ॲक्वापोरिन-१ झालं. एका चॅनेलमधून सेकंदाला ३०० कोटींच्या आसपास पाण्याचे रेणू जातात आणि प्रोटॉन मात्र एकही जाऊ दिला जात नाही, जो गेला असता तर पेशीचा पीएच सांभाळणंच अशक्य झालं असतं. हे कसं जमतं ते २००० साली स्ट्रक्चर आल्यावर कळलं.

आता आपल्या मुंबईशी जुळणारा भाग. हे प्रोटीन माणसाला नसेल तर काय होतं? हे शोधायला त्यांना उंदीर नको होते, माणसंच सापडली, आणि ती सापडली ब्लड ग्रुपवाल्यांकडे. कोल्टन नावाचा एक ब्लड ग्रुप आहे, त्याचं अँटिजेन ॲक्वापोरिन-१ वरच बसलेलं असतं, ४५ व्या जागी ॲलनीन की व्हॅलीन, यातलं कुठलं अमिनो ॲसिड आहे एवढ्यावर कोल्टन ए की बी ठरतं. ज्यांच्यात हे अँटिजेन अजिबात नाही अशी जगात अगदी मोजकी माणसं रेफरन्स लॅब्जच्या, म्हणजे न जुळणारं रक्त तपासणाऱ्या लॅब्जच्या, नोंदीत होती, कारण त्यांना रक्त जुळवताना अडचण आलेली. १९९४ ला त्यांचे जीन तपासले, चॅनेल खरंच नव्हतं, आणि माणसं वरकरणी ठणठणीत! मग त्यातल्या दोघांना पाणी न देता ठेवून लघवी तपासली, २००१ ला छापलं, तेव्हा दिसलं की नॉर्मल माणूस तहानेत लघवी जितकी घट्ट करू शकतो त्याच्या निम्म्याच्या आसपासच यांची किडनी पोचते. रोजच्या आयुष्यात चालून जातं, पण डिहायड्रेशन झालं तर फरक पडतो.

बॉम्बे ब्लड ग्रुपचं काम वाचलं असशील, १९५२ ला 'लॅन्सेट'मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया आणि इंग्लंडमधले सहकारी यांनी छापलेलं. तीच रीत. रक्त जुळेना, का जुळेना म्हणून मागे लागले, आणि एच अँटिजेनच नसलेली माणसं सापडली ज्यांना फक्त तसंच रक्त चालतं. त्यातलेच डॉ. एच. एम. भाटिया पुढे परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरच्या ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटरमध्ये राहिले, तीच संस्था आता नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. रेफरन्स लॅबमध्ये रोज येणारं 'हे काही जुळत नाही' असं सँपल म्हणजे कटकट नसते, पुढचा प्रश्न तिथेच असतो. तू पीएचडीसाठी लॅब निवडताना माझा सगळ्यात पहिला सल्ला हाच, मशीन कुठलं आहे हे नंतर बघ, आधी हे बघ की त्या लॅबमध्ये पेशंटचं रक्त येतं का, क्लिनिशियन तिथे फोन करतात का, विचित्र सँपल आलं तर विद्यार्थ्याला ते हाताळायला देतात का.

ॲक्वापोरिनच्या पुढच्या फांद्या बघितल्या तर एका रेड सेलवाल्याने काय काय उघडलं हे कळेल. किडनीतलं ॲक्वापोरिन-२ बिघडलं की दिवसाला लिटरच्या लिटर लघवी होणारा एक प्रकारचा डायबेटिस इन्सिपिडस होतो. मेंदूतल्या ॲक्वापोरिन-४ विरुद्ध अँटिबॉडी झाल्या की न्यूरोमायलायटिस ऑप्टिका होतो, दृष्टी जाते, पाय लुळे पडतात, आणि त्या अँटिबॉडीची टेस्ट आज आपल्या शहरातल्या खासगी लॅब्जमध्येही लिहून दिली जाते. स्वतः आग्रे २००८ पासून हॉपकिन्सच्या मलेरिया संशोधन संस्थेचे प्रमुख झाले, झांबियातल्या ग्रामीण भागात काम उभं केलं. मलेरियाचा परजीवी राहतो कुठे तर रेड सेलमध्येच, त्यामुळे मला तरी यात विषय बदलला असं वाटत नाही.

आता सिकल सेल, कारण तुझं मन तिथे आहे. १९१० ला शिकागोत हेरिक यांनी पहिलं वर्णन केलं, १९४९ ला पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिन वेगळं आहे दाखवलं, १९५७ ला इन्ग्राम यांनी नेमका कुठला अमिनो ॲसिड बदललाय हे सांगितलं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन, बीटा साखळीत सहाव्या जागी. जगात रेणूपर्यंत उलगडलेला हा पहिला आजार. आणि हायड्रॉक्सीयुरिया हे औषध या आजारासाठी अमेरिकेत मंजूर कधी झालं, १९९८ ला! जीन एडिटिंगची ट्रीटमेंट २०२३ ला, तिथली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलाला त्याचा आज उपयोग शून्य. कारण कळणं आणि वेदना थांबणं यात इतकं अंतर असतं, आणि 'उरलंय काय' या प्रश्नाचं उत्तर त्या अंतरातच आहे.

एकच उदाहरण देते. ऑक्सिजन सुटल्यावर सिकल हिमोग्लोबिनचे, पेशीला कोयत्यासारखं वाकवणारे, धागे लगेच होत नाहीत, थोडा वेळ जातो, आणि तो वेळ हिमोग्लोबिन किती घट्ट आहे यावर विलक्षण अवलंबून असतो, विल्यम ईटन आणि सहकाऱ्यांनी १९७४ ला हे मोजलं तेव्हा ते प्रमाण ३० व्या घाताच्या आसपास निघालं. म्हणजे पेशीतलं पाणी थोडंसं गेलं तरी सिकलिंग कित्येक पट लवकर. (पाणी जातं ते आयनांच्या मागोमाग, चॅनेल फक्त वाट देतं, हे व्हायवात विचारतात.) मग पोटॅशियम बाहेर जाणारी वाट बंद करणारं औषध केलं, सेनिकापॉक, त्याने पेशींचं फुटणं कमी झालं, हिमोग्लोबिन वाढलं, पण पेन क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचे झटके, काही कमी झाले नाहीत. नंतर व्हॉक्सेलोटॉर आलं, २०१९ ला मंजूर, हिमोग्लोबिन वाढतं म्हणून, आणि २०२४ ला क्रायसिस आणि मृत्यूंच्या आकड्यांमुळे जगभरातून मागे घेतलं. हिमोग्लोबिनचा आकडा सुधारला म्हणजे पेशंटला बरं वाटलं असं नाही, हे दोनदा सिद्ध झालंय आणि नेमकं का, हे अजून नीट सांगता येत नाही. चिकटपणा, पांढऱ्या पेशी, रक्तवाहिनीचं अस्तर, घट्ट झालेलं रक्त, यातलं काय किती? हा पीएचडीचा विषय आहे, एकाचा नाही, दहा जणांचा.

आणि आपल्या भागात तर वेगळेच प्रश्न आहेत. विदर्भातल्या बहुतेक पेशंटमध्ये अरब-इंडियन हॅप्लोटाइप (जीनच्या आसपासच्या डीएनएचा वारशाने येणारा ठरावीक नमुना), त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून आजार सौम्य असणार असं बरीच वर्षं म्हटलं गेलं, पण वॉर्डात तीव्र केसेस भरपूर दिसतात. तुझ्याच शहरात मुलांना रोज १० मिलिग्रॅम प्रति किलो एवढ्या कमी डोसमध्ये हायड्रॉक्सीयुरिया देऊन चांगला फायदा झाल्याचं छापून आलंय, पाश्चात्त्य डोसपेक्षा कितीतरी कमी. का पुरतो? जुलै २०२३ ला सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट, त्यातून जी माणसं सापडतायत त्यांच्यात कोणाला तीव्र होतो आणि कोणाला नाही हे आधी सांगणारी टेस्ट आजही नाही. घरात पेशंट बघितलेल्या मुलीला हे प्रश्न वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

व्यवहाराचं थोडं. पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, जेआरएफ, २०२३ पासून महिना ३७ हजार, नंतरची एसआरएफ ४२ हजार अधिक घरभाडं, पैसे उशिरा येतात हे गृहीत धरूनच चाल. पोस्टडॉकला बाहेर गेलीस तर रेड सेलवाल्यांचं जग छोटं आहे, एकमेकांना ओळखतात, मदत करतात. नोकरीसाठी फक्त 'रेड सेल' या लेबलवर राहू नकोस, फ्लो सायटोमेट्री, एचपीएलसी, मेम्ब्रेन प्रोटीनचं काम आणि थोडं स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, म्हणजे डायग्नोस्टिक लॅब, ब्लड सेंटर, फार्मा सगळीकडे दार उघडं राहतं. इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा गाइडना तीन गोष्टी सरळ विचार: पेशंट सँपलसाठी एथिक्स कमिटीची मंजुरी आत्ता चालू आहे का, की तुझ्या नावाने नव्याने घ्यायची आहे (त्यात महिने जातात), सँपल घेतल्यापासून बेंचवर यायला किती वेळ लागतो, कारण शिळ्या रेड सेलवर मेम्ब्रेनचं काम होत नाही, आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे पेपर कोणाच्या पहिल्या नावाने आहेत. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर विषयाचं नाव काहीही असो, तिथे जा.